जॉर्जियात 'मामा' म्हणजे वडील. तुमच्याकडे मामा कोण?

बार्शी_ते_तिबिलिसी

नमस्कार मंडळी. मी मूळचा बार्शीचा, सध्या जॉर्जियात तिबिलिसीला मेडिकल करतोय. शिकवणं इंग्रजीत असलं तरी वॉर्डातला पेशंट जॉर्जियनमध्येच बोलतो, त्यामुळे क्लिनिकल सुरू झालं की ही भाषा यावीच लागते. लिपी ३३ अक्षरांची, गोलगोल, थोड्या सरावाने हाताला बसते. नात्यांच्या शब्दांनी मात्र मला धरून ठेवलंय, आणि त्यातही एकाच शब्दाने.

जॉर्जियनमध्ये 'मामा' म्हणजे वडील. आई म्हणजे 'देदा'.

हिस्टरी घेताना घरात कुणाला काय आजार होता हे विचारावंच लागतं. पेशंट सांगतो, 'मामा, दियाबेती.' कानाला ऐकू येतो आईचा भाऊ आणि कागदावर लिहायचे असतात वडील. मधुमेहाच्या बाबतीत दोन्हीकडची माहिती कामाची. पण हिमोफिलिया घ्या. मुलाला हा आजार येतो तो आईकडून, कारण वडील मुलाला एक्स गुणसूत्र देतच नाहीत. आई स्वतः धडधाकट असते, फक्त वाहक असते, आणि पुष्कळदा तिच्या माहेरी कुणीतरी जखमेतून रक्त न थांबणारा भाऊ असतो किंवा होऊन गेलेला असतो. म्हणजे मुलाचा मामा. वडिलांना हिमोफिलिया असला तरी तो मुलाकडे जात नाही. एवढ्या दोन अक्षरांवर अख्खी वंशावळ उलटी काढली जाऊ शकते, म्हणून मी या शब्दाच्या मागे लागलोय.

एकदा कान उघडा ठेवला की हा शब्द गावभर दिसतो. म्तात्समिंदा डोंगराच्या उतारावर संत दाविदचं चर्च आहे, लोक त्याला 'मामादाविती' म्हणतात. धर्मगुरूंना हाक मारायची तर 'मामाओ'. कोंबडा म्हणजे 'मामाली', नर या अर्थाने. दुसऱ्या बाजूला सोलोलाकीच्या टेकडीवर १९५८ साली उभारलेला 'कार्त्लिस देदा'चा प्रचंड पुतळा आहे: एका हातात पाहुण्यासाठी द्राक्षवाइनचा वाडगा, दुसऱ्यात शत्रूसाठी तलवार. राजधानीला हे लोक 'देदाकलाकी' म्हणतात, म्हणजे आई-शहर. मातृभाषा 'देदा एना', आणि याच नावाची याकोब गोगेबाश्विली यांची बाराखडी १८७६ पासून इथल्या मुलांच्या हातात आहे. पृथ्वी 'देदामित्सा'. आईला इतकं मोठं करून ठेवलेली भाषा, आणि 'म' मात्र बापाला दिला.

नात्यांची रचनाही बघण्यासारखी आहे. बहीण म्हणजे 'दा'. आईची बहीण 'देइदा', वडिलांची बहीण 'मामिदा'. म्हणजे मावशी आणि आत्या यांच्यात आपल्यासारखाच काटेकोर फरक. इंग्रजीत सगळ्यांची आंटी होते तसं इथे होत नाही. पण काका आणि मामा यांना एकच शब्द: 'बिजा' (ज 'जोर'मधला, 'जेवण'मधला नव्हे. हा उच्चार आपल्या जिभेवर तयारच असतो, उत्तर भारतातल्या मित्रांना तो घोटावा लागतो). ज्या देशाने मावशी-आत्या इतक्या जपून वेगळ्या ठेवल्या, त्याने मामाला काकात मिसळून टाकलं, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्याकडे मामाशिवाय जावळ निघत नाही आणि मंगलाष्टकांच्या वेळी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' ही हाक दिल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही.

आणि आपल्याकडे तो फक्त नात्यातलाही राहिलेला नाही. शाळेतला शिपाई मामा, चौकातला ट्रॅफिक पोलीस मामा. सोलापूरकडच्या कुठल्याही दवाखान्यात जा, वॉर्डबॉय मामा असतो आणि आया मावशी. मला इथे आल्यावर पहिले काही आठवडे वॉर्डात त्या हाकेची उणीव भासली.

तर प्रश्न दोन. एक, जगभर 'म'चा आवाज आईचा असतो असं आपण ऐकत आलोय, मग जॉर्जियनमध्ये तो वडिलांकडे कसा गेला, आणि आपल्याकडे तो आईच्या भावाकडे का? दोन, तुम्ही जिथे राहता तिथे 'मामा' कोण असतो? नुसता अर्थ नको. कोण कुणाला कधी म्हणतं, तेही लिहा.

---

पुणेरी_भाषावर्ग

मी भाषाविज्ञान शिकवत असे, आता निवृत्त आहे. प्रश्न फार चांगला मांडलात. पहिल्या भागाबद्दल लिहिते.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आई-वडिलांसाठीचे १०७२ शब्द गोळा केले होते, ५३१ आईचे आणि ५४१ वडिलांचे. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९५९ मध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला, की आईसाठी मामा आणि वडिलांसाठी पापा असं का. मर्डॉकच्या आकड्यांत आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखं अनुनासिक सापडतं, वडिलांच्या शब्दांत फक्त १५ टक्क्यांत. याकोबसनचं स्पष्टीकरण असं: दूध पिताना बाळाचं तोंड बंद असतं, त्या वेळी निघू शकतो तो नाकातला हुंकारच. पुढे दूध दिसलं, बाटली दिसली, भूक लागली की तोच हुंकार मागणी म्हणून येतो, आणि मागणी पुरवणारी बहुतेक वेळा आई असते.

याचा पुरावा आपल्याच घरात आहे. मराठी बाळ भाताला काय म्हणतं? 'मंमं'. जपानी बाळही खाऊला 'मान्मा' म्हणतं. दोन्ही ठिकाणी 'म' आईला चिकटण्याआधी अन्नाला चिकटलेला आहे.

आता हे नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक लोक इथेच घसरतात. बाळ नाव घेत नसतं. बाळ आवाज काढत असतं. तो आवाज कुणाचं नाव आहे हे घरातली मोठी माणसं ठरवतात, मग तेच नाव बाळाला परत शिकवतात. म-आ, प-आ, ब-आ, द-आ, त-आ या पाचसहा कवड्या बाळ अंगणात टाकतं, कुठली कुणी उचलायची हे प्रत्येक समाजाचं. बहुतेकांनी 'म' आईला दिला कारण ती जवळ होती. जॉर्जियनांनी 'द' आईला दिला आणि 'म' वडिलांना. ५५ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे, त्यात सोळा आणे नियम शोधू नये. आणि जॉर्जियन एकटी नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या वाळवंटी प्रदेशातली पित्यंत्यत्यारा ही मूळनिवासींची भाषा घ्या, तिच्यातही 'मामा' म्हणजे वडीलच. या दोन भाषांचा एकमेकींशी सुतराम संबंध नाही.

याचाच दुसरा अर्थ असा की अशा शब्दांवरून भाषांची सोयरीक जुळवू नये. जॉर्जियन ही कार्त्वेली कुळातली, तिच्या बहिणी मेग्रेलियन, लाझ आणि स्वान. संस्कृतशी नातं नाही, द्राविडींशी नाही. समाजमाध्यमांवर 'सगळं जग एकच भाषा बोलत होतं, बघा मामा-बाबा' असे लेख फिरतात. त्यांना उत्तर म्हणून दोनच शब्द पुरेत. 'बाबा' मराठीत आणि तुर्कीत वडील, बल्गेरियनमध्ये आजी, जपानीत म्हातारी. 'मामा'चं आत्ताच पाहिलं. आवाज सगळ्यांचे सारखे, कारण बाळांची तोंडं सारखी. अर्थ वेगळे, कारण घरं वेगळी.

मराठीच्या मामाबद्दल. संस्कृतातला प्रतिष्ठित शब्द 'मातुल', तो सरळ 'मातृ'वरून. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला रणांगणावर जे दिसतात त्यात 'मातुलान्' आहेत, 'मामा' नाहीत. पण पंचतंत्रातली जनावरं एकमेकांना लाडीगोडी लावताना 'माम' अशी हाक मारतात. म्हणजे ग्रंथातला मातुल आणि तोंडातला माम असे दोन्ही एकाच वेळी नांदत होते. प्राकृतातून पुढे आला तो तोंडातला. पंजाबीपासून बंगालीपर्यंत आणि खाली सिंहलीपर्यंत आईच्या भावासाठी तोच पसरलेला आहे. आईच्या आवाजाचा शब्द आईच्या भावाला लागला, यात मला नवल वाटत नाही. तो आईच्या बाजूचा माणूस. घरात 'आई' शब्द रुजलेला होता, 'म' मोकळा होता.

सिंहलीत मात्र एक गंमत आहे. तिथे 'मामा' म्हणजे मामाच, पण ऱ्हस्व 'मम' म्हणजे 'मी'. संस्कृत 'मम'च्या गोत्रातला. गीतेचा पहिलाच श्लोक आठवा, धृतराष्ट्र 'मामकाः' म्हणतो. त्यात मामाचा काही संबंध नाही, 'माझे' एवढाच अर्थ. शकुनीमामा त्याच पक्षात होता हा निव्वळ योगायोग.

---

सीमाभागी

मी अक्कलकोटचा. घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात दोन्ही. शिवाय आजोळ तेलुगू मुलखाला लागून. वरच्या ताईंनी आवाजाचं सांगितलं, मी लग्नाचं सांगतो, कारण आपल्या भागात मामा कळायचा असेल तर सोयरीक कळायला हवी.

कन्नडमध्ये 'माव' म्हणजे सासरा. मामा वेगळा सांगायचा झाला तर 'सोदर माव' म्हणावं लागतं. तेलुगूतही 'मामा', 'मामय्या' म्हणजे सासरा, आणि आईचा भाऊ तो 'मेनमामा'. तमिळमध्ये तर दोघांना सर्रास 'मामा'च. कारण उघड आहे, मामाच्या मुलीशी लग्न होतं, तेव्हा मामा हाच सासरा. आंध्र-कर्नाटक-तमिळनाडूत कित्येक घरांत मामा स्वतःच भाचीशी लग्न करतो, मग मामा हाच नवरा. तमिळ खेड्यात बायको नवऱ्याला 'मामा' अशी हाक मारते ती यातूनच.

आता मराठीकडे या. आपल्या आज्या सासऱ्यांना काय म्हणायच्या? 'मामंजी'. आणि सासूला? 'आत्याबाई'. शहरातल्या मुलींना आता हे शब्द जुन्या नाटकातले वाटतात. पण त्यात अख्खी पद्धत जपून ठेवलेली आहे. मामाची मुलगी करायची रीत, म्हणजे नवरीच्या बाजूने पाहिलं तर ती बापाच्या बहिणीच्या घरी सून म्हणून जाते. सासू तिची सख्खी आत्या, म्हणून आत्याबाई. आत्याच्या नवऱ्याला आपण मराठीत मामाच म्हणतो, म्हणून मामंजी. नवऱ्याच्या बाजूने सासरा हा आईचा भाऊ, म्हणजे पुन्हा मामा. दोन्हीकडून तोच शब्द येऊन भेटतो. रीत मोडली, नातं उरलं नाही, तरी हाक कित्येक वर्षं तशीच चालू राहिली. परक्या घरात दिलेल्या मुलीही सासऱ्याला मामंजी म्हणत राहिल्या.

इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवरच्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलंय, ते याचसाठी. मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही, असं अर्धं दक्षिणेचं अर्धं उत्तरेचं. उत्तर हिंदुस्थानात दोन्ही बहिणीच. आणि ही रीत आजची नव्हे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेच्या पाच खास चालींमध्ये मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न करणं नोंदवलंय, सोबत उत्तरेच्याही पाच चाली दिल्यात.

बार्शीकर, तुम्ही म्हणता जॉर्जियनांनी मामाला काकात मिसळलं. मला वाटतं त्यांना मामा वेगळा ठेवण्याची निकड पडली नाही. आमच्याकडे काका आणि मामा एक केले तर लग्नच जमणार नाही! काकाची मुलगी बहीण, मामाची मुलगी बायको होऊ शकते. इतका मोठा फरक ज्या दोन माणसांत आहे त्यांना एक शब्द पुरणारच नाही.

जाता जाता एक. डॉक्टर होणार आहात म्हणून लिहितो. आमच्या भागात मामा-भाचीची, आते-मामे भावंडांची लग्नं अजून होतात. थॅलेसेमिया आणि मुकेपणाची पोरं मी शेजारात पाहिली आहेत. परत आलात तर हिस्टरीत 'नात्यात लग्न आहे का' असं मोघम विचारू नका, लोक 'नाही' म्हणतात, कारण मामाकडे दिलेली मुलगी त्यांना नात्यात दिली असं वाटतच नाही. 'सासरे आधीपासून मामा होते का?' असं विचारा. लगेच उत्तर येतं.

---

बार्शी_ते_तिबिलिसी

सीमाभागी दादा, शेवटचा मुद्दा मी वहीत लिहून घेतला. आमची आजी आजोबांच्या वडिलांबद्दल बोलताना 'मामंजी' म्हणायची. तो आदराचा शब्द एवढंच मला वाटत होतं, आत असं गणित बसवलंय हे आज समजलं.

---

क्वालालंपूरहून

इथे नोकरीनिमित्त राहतो, मूळ सांगलीचा. मलेशियात तुम्ही 'मामाक'ला जेवायला जाता. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांचं हॉटेल, बरीचशी चोवीस तास उघडी. रोटी चनाय, वर डाळीची आमटी, आणि दोन मगांमध्ये उंचावरून ओढून फेसाळलेला चहा, तेह तारिक. रात्री मॅच बघायला मलाय, चिनी, भारतीय सगळे तिथेच बसतात. शब्द तमिळ 'मामा'वरून आला. दुकानदाराला मामा म्हणून हाक मारायची, त्या हाकेचं आधी माणसाला आणि मग हॉटेलला नाव पडलं. सिंगापूरला गेलात तर सरकारी इमारतींच्या तळमजल्यावरची छोटी किराणा दुकानं 'मामा शॉप'. चिनी म्हातारीही 'मामा शॉपमधून ब्रेड आण' म्हणते, आणि त्या वाक्यात तिला आईचा भाऊ अजिबात दिसत नसतो. तिच्या स्वतःच्या भाषेत 'मामा' म्हणजे आई.

पण मला जास्त आवडतो तो समुद्रापलीकडचा मामा. इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्रात मिनांगकाबाऊ लोक राहतात. धर्माने मुसलमान, आणि कुळ मात्र आईकडून चालतं. घर, शेत मुलींकडे जातं. तिथे 'मामाक' म्हणजे आईचा भाऊ, आणि त्याचा मान केवढा! भाच्यांचं भलंबुरं पाहणं, कुळाच्या जमिनीवर लक्ष ठेवणं, लग्नाच्या बैठकीत बोलणं हे मामाकचं काम. कुळातल्या वडीलधाऱ्या प्रमुखांना मिळून 'निनिक मामाक' म्हणतात. आमच्या ऑफिसात एक मिनांग सहकारी आहे. त्याला मी आपल्या मंगलाष्टकातला मामा सांगितला तेव्हा त्याला काहीच वेगळं वाटलं नाही, तो म्हणाला बरोबर आहे, मुलीला तिच्या कुळाचा माणूसच आणणार ना. बापाचं कुळ वेगळं, मामाचं आणि मुलीचं एक, हे त्याचं सरळ गणित. मी मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा विचार केला की आपल्याकडे सगळं कूळ बापाचं असताना अंतरपाटापर्यंत मुलीला मामा का आणतो.

---

दार_एस_सलाम_ठाणे

स्वाहिलीबद्दल थोडं. इथे टांझानियात 'मामा' म्हणजे आई, पण ती फक्त आपलीच आई नाही. मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं आणि ती मुलाच्या नावाने ओळखली जाते: मामा आशा, मामा जुमा. मावशीसुद्धा आईच असते, आईची धाकटी बहीण 'मामा म्दोगो', म्हणजे धाकटी आई. रस्त्याच्या कडेला ताटं वाढणाऱ्या बाया 'मामा न्तिलिए', आणि केनियात भाजीवाली 'मामा म्बोगा'. बाईला आदराने हाक मारायची तर मामा म्हणावं, वयाने लहान असली तरी चालतं.

मराठी माणसाला पहिल्यांदा गोंधळात टाकतात ते वेगळेच शब्द. 'दादा' म्हणजे बहीण. 'काका' म्हणजे भाऊ. आमच्या दुकानात कामाला असलेली मुलगी माझ्या बायकोला 'दादा' म्हणते. 'बाबू' आजोबा, 'बीबी' आजी. आणि खुद्द मामासाठी तिसराच शब्द, 'म्जोंबा'. सगळी भांडी आपल्याच स्वयंपाकघरातली, पण प्रत्येकात वेगळा पदार्थ.

माझ्या मुली इथे जन्मल्या. ठाण्याहून त्यांचा मामा आला की फार सांभाळून बोलतात. घरात 'मामा', पण बाहेर मैत्रिणींसमोर 'अंकल', कारण मिशीवाल्या माणसाला मामा म्हटलेलं मैत्रिणींना सहन होत नाही. मला ते आवडत नाही. मी त्यांना सांगितलंय की मैत्रिणींना समजावून सांगा, पण हाक बदलू नका.

---

ढाका_प्रकल्प

दोनच ओळी. बांगलादेशात रिक्षावाला, चहावाला, बस कंडक्टर सगळे 'मामा'. विद्यापीठातली पोरं दिवसभर 'मामा, एक चा' करत असतात. आणि बंगालीत चंद्रच नाही, सूर्यही मामा आणि वाघही मामा. आपण वाघाला मावशी दिली, मांजर. त्यांनी त्यालाच मामा केलं.

---

कोल्हापूरची_आजी

चंद्राचा विषय निघालाच आहे तर. समुद्रमंथनातून लक्ष्मी आली आणि चंद्रही आला. लक्ष्मी आपली आई, म्हणून चांदोबा मामा, असं माझ्या आईने मला सांगितलं आणि मी नातवंडांना. नातू पेरू देशाचा धडा वाचत होता, त्यात इंका लोकांच्या चंद्रदेवतेचं नाव 'मामा किल्या' होतं. तो ओरडलाच, 'आजी, त्यांचाही चांदोमामा!' मग शोधून पाहिलं तर क्वेचुआ भाषेत मामा म्हणजे आई. जमीन ती 'पाचामामा', चंद्र ती चंद्रआई, सूर्याची बायको. त्याला सांगितलं की आकाशात तोच चंद्र, शब्दही तोच, पण त्यांच्याकडे तो आई होऊन बघतो आणि आपल्याकडे आईचा भाऊ होऊन. त्याला ते पटलं. त्याने वहीत दोन चंद्र काढले, एकाला मिशा आणि एकाला टिकली.

---

बार्शी_ते_तिबिलिसी

सगळ्यांचे मनापासून आभार. आजींच्या नातवाला माझा नमस्कार सांगा.

अजून एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि मला तीच सगळ्यात जास्त भावते. इथे वडील लहान मुलाला 'मामा' म्हणून हाक मारतात. हो, वडील मुलाला. पोरगं रडत आलं की बाप म्हणतो, 'रा गिंदा, मामा?' काय हवंय, बाबा? आई स्वतःच्या मुलाला 'देदा' म्हणते. आजी नातवाला 'बेबिया' म्हणते, म्हणजे आजी. बोलणाऱ्याचं नातं ऐकणाऱ्याला लावायचं. बालरोग वॉर्डात ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून बाई 'देदा, देदा' म्हणत असते, आणि नवीन आलेल्या विद्यार्थ्याला वाटतं ती स्वतःच्या आईला हाक मारतेय. असं आणखी कुठे आहे का?

---

शारजा_नर्स

आहे. इकडे अरबी घरांत रोज ऐकते. आई मुलाला 'मामा' म्हणते, वडील मुलाला आणि मुलीलाही 'बाबा' म्हणतात. मी लहान मुलांच्याच विभागात काम करते. इंजेक्शन देताना आई 'खलास, मामा, खलास' म्हणत पोराला कुरवाळते, म्हणजे झालं हं, संपलं. सुरुवातीला मीही चक्रावले होते, मग एका लेबनीज सहकारणीने सांगितलं की ते 'मी तुझी आई आहे ना इथे' असं म्हणणं आहे, फक्त एका शब्दात.

आपल्याकडे अगदी तसं नसलं तरी जवळचं आहे. 'अरे बाबा', 'अगं बाई', 'नको रे राजा'. बंगाली आई मुलीला 'मा' आणि मुलाला 'बाबा' म्हणते, पण तिथे भाव थोडा वेगळा, लेकराला मोठेपण देण्याचा.

---

पुणेरी_भाषावर्ग

शारजाच्या ताईंनी बरोबर ओळखलं. अरबी, जॉर्जियन, शिवाय त्या पट्ट्यातल्या आणखी काही भाषांत हे चालतं. ही उलट हाक. माझ्या वरच्या म्हणण्यात भर घालायला हवी: मोठी माणसं बाळाच्या आवाजाला अर्थ देतात एवढंच नाही, तो शब्द ती बाळाच्याच अंगावर परत घालतात. बाळ तो शब्द शिकतं त्यातलं कितीतरी असं, स्वतःला मारलेल्या हाकेतून.

बार्शीकर, तुमच्या मूळ कामाचं काय? मामाची हिस्टरी जॉर्जियनमध्ये विचारता कशी?

---

बार्शी_ते_तिबिलिसी

'बिजा' म्हणून विचारत नाही, कारण त्यात काका-मामा दोन्ही येतात. सरळ 'देदिस ज्मा' विचारतो, आईचा भाऊ ('ज्मा' म्हणजे भाऊ, हाही ज 'जोर'मधलाच). 'मामिस ज्मा' म्हटलं तर तो वडिलांचा भाऊ, आपला काका. मागून येणाऱ्या महाराष्ट्रातल्या ज्युनियर पोरांसाठी एक पान करतोय: देदा, मामा, देइदा, मामिदा, देदिस ज्मा, मामिस ज्मा, समोर आपली मराठी नाती. रक्त न थांबणारा मुलगा आला की दुसरं काहीही विचारायच्या आधी 'देदिस ज्मा' विचारा, असं वर ठळक लिहिलंय. सीमाभागी दादांचा 'सासरे आधीपासून मामा होते का' हा प्रश्न त्याच पानाच्या मागच्या बाजूला टाकतोय, परत गेल्यावर सोलापूरला लागेल.